तळ्याला रंग येतो कुठून? मोरेनच्या फिरोजी पाण्यापासून गुलाबी लोणारपर्यंत

कॅनडातल्या मोरेन लेकचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला की हमखास दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, "वा, इथे जायलाच हवं." दुसरी, "असं पाणी असतं का कुठे? रंग वाढवलाय." पाठोपाठ कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या गुलाबी तळ्याचा फोटो टाकतं, कुणी पँगाँगचा. आणि जून २०२० मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार गुलाबी झालं, तेव्हा तर सगळेच चक्रावले होते. पाणी इथूनतिथून सारखंच, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं. मग ते एकीकडे गडद निळं, दुसरीकडे दुधाळ फिरोजी आणि तिसरीकडे गुलाबी कसं काय?

याचं उत्तर माहीत असेल तर तळं बघण्याचा आनंद कितीतरी वाढतो, असं मला मनापासून वाटतं. शिवाय त्यातून अगदी व्यवहाराच्या गोष्टीही कळतात: कुठल्या महिन्यात जायचं, दिवसाच्या कुठल्या वेळी काठावर पोहोचायचं, कुठे पाण्यात पाय बुडवायचे आणि कुठे लांबूनच बघायचं. तळ्याच्या रंगावरून त्या पाण्यात काय मिसळलंय हे बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी प्रकाशाबद्दलच्या दोन-तीन साध्या गोष्टी समजून घेतल्या की पुरे.

## आकाशाचं प्रतिबिंब, एवढंच ना?

लहानपणी बहुतेकांनी हेच ऐकलेलं असतं आणि शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही हेच मानत होते. आकाश निळं का दिसतं याचं गणित मांडणारे लॉर्ड रेली यांचं मत होतं की खोल समुद्राचा निळा रंग पाण्याचा नसून परावर्तित झालेल्या आकाशाचा आहे.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' नावाच्या बोटीने मुंबईला येत होते. भूमध्य समुद्राचा तो दाट निळा रंग बघून त्यांना रेलींचं म्हणणं पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश अशा प्रिझममधून पाहिला तर जवळजवळ पूर्ण गाळला जातो. रामन यांनी आकाशाचं प्रतिबिंब असं बाजूला काढलं आणि पाहिलं, तर समुद्राचा निळा कमी होण्याऐवजी आणखी खुलला. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात असतानाच, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचं पत्र त्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेसाठी लिहिलं. याच वाटेवर पुढे १९२८ साली 'रामन परिणाम' सापडला आणि १९३० साली नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या शोधाची सुरुवात पाण्याच्या रंगाबद्दलच्या कुतूहलातून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रतिबिंबाचा वाटा मुळीच नसतो असं मात्र नाही. सपाट, शांत पाण्याकडे लांबून आणि काठाच्याच उंचीवरून पाहिलं तर डोळ्यांपर्यंत येतं ते बहुतांशी आकाशच. लडाखमधलं पँगाँग सरोवर ४,२०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वेगवेगळे निळे दिसतात. ढग, वारा आणि सूर्याचा कोन बदलतो, तसा प्रतिबिंबाचा आणि पाण्याच्या स्वतःच्या रंगाचा वाटा कमीजास्त होतो. पण मोरेन लेक करड्या, ढगाळ आकाशाखालीही फिरोजीच दिसतं. नुसत्या प्रतिबिंबाने ते शक्य नाही.

## पाणी निळं, मग बादलीतलं का नाही?

सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. पाण्याचे रेणू त्यातला तांबडा रंग शोषून घेतात. हे शोषण फार मंद असतं, त्यामुळे बादलीभर किंवा पेलाभर पाण्यातून जाताना फरक कळतच नाही. पण प्रकाश काही मीटर पाण्यातून गेला की तांबडा जवळपास संपतो, त्यानंतर नारिंगी आणि पिवळा, आणि बऱ्याच खोलीनंतर हिरवाही. निळा सर्वांत जास्त तग धरतो. हा उरलेला प्रकाश पाण्याच्या रेणूंवर आणि बारीक कणांवर आदळून इकडेतिकडे फेकला जातो. याला विकिरण म्हणतात. त्यातला जो भाग वर परत येतो, तो आपल्याला दिसतो. म्हणून पाणी जितकं खोल आणि जितकं नितळ, तितका निळा गडद.

याचं सर्वांत देखणं उदाहरण अमेरिकेत ओरेगॉन राज्यात आहे. क्रेटर लेक. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि पर्वताचा माथा आत कोसळला. त्या खड्ड्यात पाऊस आणि बर्फाचं पाणी साठत गेलं. आज हे तळं ५९४ मीटर खोल आहे, अमेरिकेतलं सर्वांत खोल. इथे एकही नदी येऊन मिळत नाही. नदी नाही म्हणजे गाळ नाही, शेतातली खतं नाहीत, गावांचं सांडपाणी नाही. म्हणून तो निळा इतका गडद आहे की शाई सांडल्याचा भास व्हावा. हिवाळ्यात तिथे बर्फ इतका पडतो की काठावरून फिरणारा पूर्ण रस्ता उन्हाळ्याचे मोजकेच महिने खुला असतो. सिएटलला किंवा कॅलिफोर्नियात मुलांकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस काढून हे तळं जरूर बघावं.

नितळपणा मोजायची पद्धत फारच साधी आहे. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने दोरीला बांधलेली तबकडी पाण्यात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते नोंदलं. आजही सेक्की तबकडी वापरतात, साधारण वीस सेंटिमीटर रुंद. क्रेटर लेकमध्ये ती सुमारे तीस मीटरपर्यंत दिसते. न्यूझीलंडमधलं रोटोमायरेफेनुआ, म्हणजेच ब्लू लेक, त्याहूनही वरचढ. तिथे पाण्यातून आडवं पाहिलं तर सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत दिसतं, हे २०११ साली मोजलं गेलं. वरच्या अंगाच्या दुसऱ्या तळ्याचं पाणी दरड कोसळून साचलेल्या दगडमातीतून गाळून इथे येतं, त्याचा हा परिणाम. तिथल्या माओरी लोकांसाठी हे तळं पवित्र आहे. पाण्यात उतरायचं नाही, भांडी-कपडेही बुडवायचे नाहीत. पायी चालत गेल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही आणि हे असंच राहावं.

## मग मोरेन लेक दुधाळ फिरोजी का?

आता मूळ भांडणाकडे येऊ. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात बॅन्फ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मोरेन, लुईस आणि पेटो ही तीन तळी रॉकी पर्वतात आहेत. मोरेन लेक तसं लहानसंच, पण त्याचं चित्र कॅनडाच्या १९६९ च्या मालिकेतल्या वीस डॉलरच्या नोटेवर छापलं गेलं होतं. या तिन्ही तळ्यांना रंग येतो हिमनद्यांमुळे.

हिमनदी म्हणजे डोंगरउतारावरून अतिशय सावकाश घसरत येणारा बर्फाचा जाड थर. त्याच्या तळाशी दगडगोटे अडकलेले असतात. वरच्या बर्फाचं वजन त्यांना खालच्या कातळावर दाबून धरतं आणि थर पुढे सरकतो. हे सगळं जात्यासारखं चालतं: खालची पाळू खडकाची, वरची बर्फाची, आणि मधे दगड दळला जातो. त्यातून निघणारा भुगा इतका बारीक असतो की भूशास्त्रज्ञ त्याला खडकाचं पीठच म्हणतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला की हे पीठ पाण्याबरोबर तळ्यात येतं. जड वाळू काठाशीच बसते, पण पिठाचे बारीक कण पाण्यात कितीतरी दिवस तरंगत राहतात.

आता मघाचा हिशोब आठवा. नितळ पाण्यात प्रकाश खूप खोल जातो, म्हणून हिरवासुद्धा संपतो आणि नुसता निळा परत येतो. पिठाळ पाण्यात तसं होत नाही. कण प्रकाशाला वरच्या काही मीटरमधूनच माघारी फेकतात. एवढ्या अंतरात तांबडा शोषला जातो, पण हिरवा संपायला वाव मिळत नाही. मग हिरवा आणि निळा मिळून वर येतात आणि पाणी फिरोजी दिसतं. कण जास्त असले की ते पांढुरकं होतं, कमी असले की निळ्याकडे झुकतं. पेटो लेक उंचावरून पाहिलं तर हे सगळं एका नजरेत दिसतं. हिमनदीकडून येणारे ओघळ जिथे तळ्याला मिळतात तिथे पाणी करडं-दुधाळ असतं, तिथून पुढे सरकत गेलं की फिरोजी खुलत जातो. त्या ओहोळातलं पाणी बाटलीत भरून उजेडात धरलं तर ते पाणी घातलेल्या ताकासारखं गढूळ दिसतं, निळं अजिबात नाही.

यातून सहलीच्या तारखा आपोआप ठरतात. मे महिन्यात ही तळी बहुधा गोठलेली असतात. जूनच्या अखेरीपासून पीठ येऊ लागतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये रंग भरात असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढून गेलेल्यांना अर्धवट बर्फ दिसतो आणि वाटतं, फोटो खोटे होते. मोरेनला जायला २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे, शटल बस आधी आरक्षित करावी लागते. न्यूझीलंडमधली टेकापो आणि पुकाकी ही तळीही याच पिठाने फिरोजी झालेली आहेत. तिथला उन्हाळा मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी.

फिरोजी दिसलं की हिमनदी असणारच, असं मात्र समजू नका. क्रोएशियातली प्लिटवित्से ही एकाखाली एक वसलेली सोळा तळी आणि चीनच्या सिचुआन प्रांतातलं जिउझायगोउ, दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, पहिलं १९७९ पासून, दुसरं १९९२ पासून. तिथे काम करतो चुना. डोंगराच्या चुनखडीतून विरघळून आलेला चुना पाण्यात पुन्हा घट्ट होतो, त्याचे बारीक कण खडकाच्या पिठासारखेच प्रकाश माघारी फेकतात, शेवाळावर आणि पडलेल्या ओंडक्यांवर त्याची पुटं चढतात आणि त्यातूनच बांध तयार होतात. प्लिटवित्सेचे धबधबे या नैसर्गिक बांधांवरूनच कोसळतात. माणसांच्या पायांनी हे बांध तुटू नयेत म्हणून तिथे पोहायला मनाई आहे.

## लोणार गुलाबी कसं झालं?

आतापर्यंतच्या रंगांमागे प्रकाश आणि दगड होते. लोणारमागे जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे.

लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्री-दख्खनच्या काळ्या दगडात, उल्कापाताने झालेलं आहे. असं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर जगात फार दुर्मीळ. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वयाबद्दल दोन आकडे वाचायला मिळतात: जुन्या मापनानुसार सुमारे ५२ हजार वर्षं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीनुसार सुमारे ५ लाख ७० हजार. महत्त्वाचं हे की विवरात पाणी येतं पण बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं हे चालल्यामुळे पाणी खारं आहेच, शिवाय अल्कधर्मीही आहे. सामू म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे सांगणारी मोजपट्टी. शुद्ध पाण्याचा सामू ७, लोणारचा १० च्या आसपास. बहुतेक मासे, वनस्पती अशा पाण्यात जगूच शकत नाहीत.

पण काही सूक्ष्मजीवांना हेच पाणी मानवतं. एरवी लोणारचं पाणी हिरवट दिसतं, ते त्यात वाढणाऱ्या शैवालांमुळे. जून २०२० मध्ये कडक उन्हाळ्यानंतर पाणी खूप खाली गेलं, क्षारांचं प्रमाण वाढलं, आणि मिठातच फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव एकदम वाढले. प्रखर उन्हापासून बचाव करण्यासाठी ते लालसर रंगद्रव्य तयार करतात. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातलं, कॅरोटिनॉइड. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा हेच निघालं. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नमुना हलवाहलव न करता ठेवला तर गुलाबी थर तळाशी बसत होता आणि वरचं पाणी स्वच्छ, बिनरंगी राहत होतं. रंग पाण्याचा नव्हताच, त्यात राहणाऱ्या जीवांचा होता. पाऊस पडला, पाणी पातळ झालं आणि गुलाबी ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रात दुसरा.

ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या लहान रोहितांचा गुलाबी रंगही याच कुळातल्या द्रव्यांचा, खाण्यातून अंगात आलेला.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला मिडल आयलंडवर असलेलं हिलियर तळं असंच मिठाचं आहे. सुमारे सहाशे मीटर लांब, काठाला पांढरं मीठ, भोवती गर्द झाडी आणि पलीकडे निळा समुद्र. मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०२ मध्येच त्याची नोंद केली होती. सेनेगलमधलं रेतबा तळंही या जातीचं. पण २०२२ च्या जोरदार पावसानंतर या दोन्ही तळ्यांचा गुलाबी फिका पडला, कारण गोडं पाणी वाढलं की मिठात जगणारे हे जीव मागे हटतात. एस्पेरन्स शहराजवळच्या 'पिंक लेक'ची गोष्ट तर चटका लावणारी आहे. रस्ता आणि रेल्वेमुळे तिथे येणारा खाऱ्या पाण्याचा प्रवाह अडला, तळ्यातलं मीठही उपसलं गेलं आणि रंग गेला तो गेलाच. आज ते तळं फक्त नावापुरतं गुलाबी आहे.

तेव्हा लोणारला जरूर जा, छत्रपती संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर आहे. पण गुलाबी दिसेल या आशेने जाऊ नका. हिरव्या पाण्याचं ते काळं विवर, काठावरची जुनी देवळं आणि वरून पडणारी गोड्या पाण्याची धार हेच बघायला जा. दैत्यसूदन मंदिरासाठी निवांत वेळ ठेवा.

## एकाच डोंगरावर तीन रंग?

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर केलिमुतू नावाचा ज्वालामुखी आहे. माथ्यावर शेजारी शेजारी तीन तळी आणि तिन्हींचे रंग वेगळे. शिवाय ते बदलत राहतात: कधी फिरोजी, कधी गडद तपकिरी, कधी जवळपास काळं, कधी पांढुरकं. तिथल्या लिओ लोकांची श्रद्धा आहे की मेलेल्यांचे आत्मे इथे येतात आणि वृद्ध, तरुण, वाईट कृत्यं करणारे अशा तिघांसाठी तीन तळी आहेत. भूगर्भातून येणारे वायू कमीजास्त झाले की पाण्यातला ऑक्सिजन आणि त्यात विरघळलेल्या लोखंडासारख्या धातूंची अवस्था बदलते, आणि तिच्याबरोबर रंगही. लोखंडाला भरपूर ऑक्सिजन मिळाला तर ते गंजतं आणि पाणी तांबूस होतं. तिन्ही तळ्यांखालची वायूंची वाट वेगवेगळी, म्हणून रंगही वेगवेगळे.

हाच तांबूस रंग एकदा फार वाईट बातमी घेऊन आला. २१ ऑगस्ट १९८६ ला कॅमेरूनमधल्या न्योस तळ्याच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड अचानक बाहेर फुटला आणि आसपासच्या गावांतली सुमारे १,७०० माणसं गुदमरून गेली. निळं तळं लाल झालं होतं, कारण खोलातलं लोहयुक्त पाणी वर येऊन हवेत गंजलं होतं.

## इतकं सुंदर निळं, म्हणजे स्वच्छच ना?

इथे मात्र सावध राहायला हवं. निळा किंवा फिरोजी रंग पाण्यातल्या कणांबद्दल सांगतो, ते पाणी अंगाला चालेल का हे सांगत नाही.

रशियात नोवोसिबिर्स्क शहराजवळ एक फिरोजी तळं २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलं. लोक 'सायबेरियाचं मालदीव' म्हणत तिथे लग्नाचे फोटो काढायला जाऊ लागले. ती होती औष्णिक वीज केंद्राची राख टाकायची जागा. पाण्यात कॅल्शियमचे क्षार आणि धातूंची ऑक्साइडं, तळाशी गाळाचा चिखल. शेवटी कंपनीलाच पाण्यात उतरू नका असं सांगावं लागलं. इंग्लंडमध्ये बक्स्टनजवळच्या जुन्या चुन्याच्या खाणीत साठलेल्या निळ्या पाण्याचा सामू ११.३ होता. शेजारच्या फलकावर तुलनेसाठी अमोनियाचा ११.५ आणि ब्लीचचा १२.६ लिहिलेला, तरी लोक पोहायला उतरतच होते. अखेर २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनाने पाण्यात काळा रंग मिसळला. जावामधलं कावा इजेन हे विवरातलं फिरोजी तळं त्याच्या अगदी उलट टोकाचं, जगातलं सर्वांत मोठं आम्लाचं तळं. त्याचा सामू १ च्याही खाली आहे.

आपल्याकडेही बंद पडलेल्या दगडखाणींत पावसाळ्यानंतर असंच मोहात पाडणारं निळं-हिरवं पाणी साठतं. काठ उभे तुटलेले असतात, खोलीचा अंदाज येत नाही, आणि दर उन्हाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. अशा पाण्याजवळ लहान मुलांना नेऊच नये.

## मग हिरवं आणि तपकिरी म्हणजे घाण?

हिरव्याबद्दलची शंका बऱ्याचदा खरी असते. सांडपाणी, साबण आणि शेतातली खतं यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात आले की शैवालांना मेजवानी मिळते. कोल्हापूरकरांनी रंकाळ्याचं पाणी सांडपाण्यामुळे दाट हिरवं झालेलं डोळ्यांनी पाहिलं आहे. चीनमधल्या ताइहू सरोवरात २००७ मध्ये शैवाल इतकं माजलं की वूशी शहरातल्या सुमारे वीस लाख लोकांचं पिण्याचं पाणी बंद पडलं. अशा निळ्या-हिरव्या शैवालांत विषारी द्रव्यंही असू शकतात. पाण्यावर हिरव्या रंगाचा जाड थर दिसला की हातही घालू नये. लोणारचा हिरवा मात्र तिथल्या पाण्याच्या स्वभावाचाच भाग आहे.

तपकिरी पाण्यावर आपण विनाकारण नाक मुरडतो. स्कॉटलंडचं लॉख नेस चहाच्या रंगाचं आहे, कारण आसपासच्या दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींतली द्रव्यं त्यात उतरतात. २३० मीटर खोल असूनही आत काही मीटरपलीकडे दिसत नाही. फिनलंडमधली असंख्य तळीही अशीच. ती घाण नाहीत.

## पण फोटोत दिसतं तेवढं प्रत्यक्षात दिसत नाही, त्याचं काय?

काही फोटोंत रंग वाढवलेले असतात, हे मान्य. पण निराशेचं कारण बहुधा वेगळंच असतं: चुकीची वेळ आणि चुकीची जागा. पहाटे तळ्याच्या काठावर उभं राहिलं तर पाण्यात डोंगराचं आणि आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, पाण्याचा स्वतःचा रंग दबतो. रंग हवा असेल तर सूर्य वर आलेला हवा आणि आपण उंचावर हवं. म्हणूनच पेटोचा गाजलेला फोटो दरीच्या वरच्या सज्जातून आणि मोरेनचा काठाजवळच्या दगडांच्या ढिगावर चढून काढलेला असतो. केलिमुतूला लोक सूर्योदयासाठी अंधारात चढतात आणि उजाडल्यावर घाईने उतरतात, तेव्हा तळी अजून सावलीत असतात. तासभर थांबलं तर तीन रंग खुलताना दिसतात.

आणि एक युक्ती सांगतो. पोलराइज्ड गॉगल घाला. त्याची काच रामन यांच्या प्रिझमसारखंच काम करते, पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब गाळते. गॉगल लावून मान हळूहळू एका खांद्याकडे कलती करा, म्हणजे पाण्यावरची चकाकी कमीजास्त होताना आणि आतला रंग उघडा पडताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पवई तलावावरही करून बघता येईल.

## हे रंग असेच राहतील का?

सगळे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या ८५ हजारांहून जास्त तळ्यांची २०१३ ते २०२० या काळातली उपग्रह-छायाचित्रं तपासली गेली. त्यातली एक-तृतीयांशाहून कमी तळी निळी निघाली. निळी तळी प्रामुख्याने थंड, हिवाळ्यात गोठणाऱ्या प्रदेशांत आहेत. पाणी तापलं तर त्यातली काही हिरवी-तपकिरी होतील, असा त्या अभ्यासाचा इशारा आहे.

फिरोजी तळ्यांचा धोका वेगळा. हिमनदी वेगाने वितळते तेव्हा आधी पीठ वाढतं, पण ती मागे हटत गेली की दळणच थांबतं. पेटो हिमनदी झपाट्याने मागे सरकते आहे आणि तिच्या तोंडाशी आता नवं तळं साचलं आहे, त्यामुळे पिठाचा बराच भाग खाली पोहोचण्याआधी तिथेच बसतो. एक दिवस पेटो लेक साधं गडद निळं दिसू लागेल. तेही सुंदरच असेल, पण आजचा रंग बघायचा असेल तर ही सहल फार पुढे ढकलू नका.

माणसाच्या हातात काहीच नाही असंही नाही. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर टाहो सरोवर आहे. १९६८ मध्ये तिथे सेक्की तबकडी सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसायची, अलीकडे ती वीस मीटरच्या आसपास दिसेनाशी होते. तिथल्या लोकांनी काठावरच्या गावांचं सांडपाणी शुद्ध करूनही सरोवरात सोडायचं नाही असं ठरवलं, गेली अनेक दशकं ते पंपाने डोंगरापलीकडे नेलं जातं. नितळपणा पुरता परत आलेला नाही, तरी घसरण मंदावली. एवढा खर्च एका तळ्याच्या निळ्या रंगासाठी केला जातो, याचा मला फार आदर वाटतो.

लोणारला हाच प्रश्न आणखी अवघड रूपात भेडसावतो. गाव विवराच्या कडेलाच आहे आणि गावाचं सांडपाणी उतारावरून तळ्यात जाण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे. सांडपाणी शुद्ध करून आत सोडलं म्हणजे काम झालं, असं इथे होत नाही. लोणारचं सगळं आगळेपण त्याच्या मिठात आणि सामूत आहे. बाहेरचं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी ते आत येत राहिलं की मीठ पातळ होतं, सामू उतरतो आणि तिथेच जगू शकणारे जीव जागा सोडतात. या तळ्याला गोडं पाणीसुद्धा बाधतं.